जुन्या तैलचित्रांतल्या पुरुषांचे कपडे: खरंच घातलेले, की चित्रापुरते?

धावदोरा

गेल्या महिन्यात मुलीकडे लंडनला होतो. नॅशनल गॅलरीत एका चित्रासमोर अर्धा तास उभा राहिलो, मुलगी दोनदा बोलवायला आली. जोव्हानी बातिस्ता मोरोनी या बेर्गामोकडच्या चित्रकाराचं 'शिंपी'. साधारण १५६५ ते १५७० मधलं. टेबलामागे एक तरुण शिंपी उभा आहे. उजव्या हातात मोठी कात्री, डाव्या हाताखाली काळं कापड, आणि त्या कापडावर खडूच्या पांढऱ्या रेघा. तो कापायला वाकलेला असताना आपण दुकानात शिरलो आणि त्याने मान वर केली, असं वाटतं.

माझे वडील मिरजेत शिंपी होते. बेतायचं टेबल, खडू, कात्री आडवी ठेवायची तऱ्हा, सगळं ओळखीचं. म्हणून डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

पण एक गोष्ट अडली. या शिंप्याने सायीच्या रंगाचं अंगाबरोबरचं जाकीट घातलंय, त्यावर ओळीने बारीक बारीक चिरा दिलेल्या. गळ्याला आणि मनगटाला चुणीदार पांढरी झालर. खाली लाल फुगीर तुमान. काम करताना कोण असं घालतं? माझे वडील आयुष्यभर बनियन आणि पायजम्यावर मशीन चालवत.

मग बाकीच्या दालनांतही तोच प्रश्न डोक्यात राहिला. काळ्या मखमलीतले, जरीतले, गळ्यात चाक घातल्यासारखे हे पुरुष खरंच असे राहत होते? ते कपडे त्यांचेच का? जाणकारांनी सांगावं.

तिखटमीठ

मला त्या चाकाबद्दलच विचारायचंय. ते गळ्यात घालून माणसं जेवायची कशी?

खळ आणि इस्त्री

तिखटमीठ, मी जेवून पाहिलंय म्हणून सांगते. नाटकांच्या वेशभूषेचं काम करते. काही वर्षांपूर्वी एका भाषांतरित नाटकासाठी असा 'रफ' शिवला. ताट दिसतच नाही. मान खाली जात नाही, घास तोंडापर्यंत अंदाजाने न्यावा लागतो. पण दुसरी गोष्ट जास्त लक्षात राहिली: तो घातल्यावर आमच्या नटाला वाकताच येईना, आणि आपोआप राजासारखा ताठ चालायला लागला. दिग्दर्शकाला जे महिनाभर सांगून जमलं नव्हतं ते त्या कॉलरने एका मिनिटात केलं.

रफ म्हणजे बारीक लिननची लांबच लांब पट्टी. कित्येक मीटर. ती गळ्याच्या पट्टीवर इतक्या दाट निऱ्यांनी बसवायची की कडेने पाहिलं तर इंग्रजी आठच्या आकड्यांची रांग दिसते. मग खळ. खळ ओली असताना गरम सळईवर एकेक घडी फिरवून उभी करायची. प्रत्येक धुण्याला हे सगळं पहिल्यापासून. आमचा रफ पहिल्याच प्रयोगात नटाच्या घामाने तिसऱ्या अंकापर्यंत लोळला होता. त्या काळी पावसात सापडलेल्या माणसाची हीच गत व्हायची.

खळ घालणं ही तेव्हा शिकायची विद्या होती. १५६४ मध्ये डिंगेन व्हॅन डेन प्लासे नावाची बाई फ्लँडर्सहून लंडनला आली आणि तिने शिकवणी सुरू केली. खळ घालायला शिकवायचे चार-पाच पौंड, खळ बनवायला शिकवायचे आणखी २० शिलिंग. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. माझी आजी तांदळाच्या पेजेत आजोबांचं धोतर बुडवून, अर्धवट वाळल्यावर चटईवर ओढून ताणत असे. तिला ही बाई नक्की आवडली असती.

म्हणजे धावदोरा, उत्तर असं की रफ घालत होते. पण तो घालणाऱ्याच्या घरी दुसरं कोणीतरी दिवसभर राबत होतं, आणि चित्रात ते दिसायला हवं, म्हणूनच तो इतका पांढराशुभ्र रंगवलाय.

ओवी

इतकं सरळ नाही हो. मी कलेचा इतिहास शिकवते आणि मुलांना पहिल्या दिवशी सांगते की चित्रातल्या कपड्यावर विश्वास ठेवू नका.

तुम्ही त्याच गॅलरीत रेम्ब्रांटचं १६४० मधलं स्वतःचं चित्र पाहिलं असेल, कठड्यावर हात टेकलेलं. वय ३४. अंगावर आहेत ते त्याच्या काळातले कपडे नाहीतच, जवळजवळ शंभर वर्षं जुन्या धाटणीचे आहेत. आदल्या वर्षी ॲमस्टरडॅमच्या लिलावात राफाएलने काढलेलं कास्तिल्योने या इटालियन दरबाऱ्याचं चित्र त्याने पाहिलं होतं, त्याचं रेखाटन केलं होतं. त्यातून आणि टिशियनच्या फुगीर बाहीच्या माणसावरून त्याने हा वेश जुळवला. जुन्या उस्तादांच्या पंगतीत बसायचं होतं, तर त्यांचे कपडे घालून बसला.

इंग्रज चित्रकार गेन्सबरोचा प्रसिद्ध निळा मुलगा घ्या. १७७० चं चित्र, पण निळं सॅटिन आणि लेसची कॉलर १६३० च्या दशकातल्या व्हॅन डाइकच्या चित्रांतली. तो मुलगा असा रस्त्यात फिरला असता तर लोक थांबून बघत राहिले असते.

आणि नॅशनल गॅलरीच्या शेजारच्या पोर्ट्रेट गॅलरीत लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पेपिस याचं चित्र आहे, जॉन हेल्सने १६६६ मध्ये काढलेलं. सोनेरी तपकिरी रेशमी गाऊन. पेपिसने रोजनिशीत स्वतःच लिहून ठेवलंय की तो गाऊन चित्र काढून घेण्यासाठी भाड्याने आणला होता. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

रेघोट्या

भाड्याने! वा. म्हणजे लग्नाच्या शेरवानीचा धंदा साडेतीनशे वर्षं जुना आहे.

अटकेपार

ओवीताई, तुमची उदाहरणं बरोबर आहेत, पण तीन चित्रांवरून सगळ्यांना खोटं ठरवणं मला पटत नाही. मी बारा वर्षं नेदरलँड्समध्ये आहे आणि इथे वेगळा अनुभव येतो.

राइक्सम्युझियममध्ये रेम्ब्रांटचंच १६६२ चं एक चित्र आहे, कापड-संघाच्या पारख्यांचं. पाच पारखी आणि एक नोकर. या लोकांचं काम काय, तर रंगवलेल्या कापडाचे नमुने बघून प्रत ठरवायची. ज्यांचा सगळा दिवस कापडाचा पोत चिमटीत धरून बघण्यात जातो, त्यांच्या अंगावर चित्रकार भलतंसलतं कापड रंगवील आणि ते पैसे देतील? काळे अंगरखे, सपाट पांढऱ्या कॉलर, रुंद काठाच्या टोप्या. नोकर तेवढा बोडका. एवढ्यावरून खोलीत मालक कोण ते कळतं. मी गेल्यावर दर वेळी थोडा वेळ त्या नोकराकडे बघतो.

आणि लंडनच्याच वॉलेस कलेक्शनमध्ये फ्रान्स हाल्सचा १६२४ चा तो मिशीवाला तरुण. नाव पडलंय 'हसणारा सरदार', पण तो धड हसतही नाही आणि सरदार असल्याचंही कुठे म्हटलेलं नाही. वय २६ हे चित्रावरच लिहिलंय. त्याची बाही जवळून बघा. मधमाश्या, बाण, प्रेमाच्या गाठी, ज्वाळा निघणारी शिंगं, मर्क्युरी देवाची टोपी आणि दंड, सगळं रंगीत कशिद्यात. चित्रकाराने हे सगळं मनाने भरलं असेल असं मला वाटत नाही.

रेघोट्या

हाल्सचं नाव निघालं म्हणून: व्हॅन गॉगने भावाला लिहिलेल्या एका पत्रात म्हटलंय की फ्रान्स हाल्सकडे सत्तावीस प्रकारचे काळे असले पाहिजेत. मी चित्रं काढतो. माझ्याकडे तीन आहेत आणि त्यातला एक कधी नीट वागत नाही.

आंबोलीचा पाऊस

काळ्यावर थांबू या का थोडं? मी नैसर्गिक रंगाने सूत रंगवते, माझ्यासाठी हा धागा इथेच सुरू होतो.

लोकांना वाटतं काळा म्हणजे साधा, विरक्तीचा रंग. रंगाऱ्याला विचारा. गडद, एकसारखा, विटून तपकिरी न होणारा काळा हा सगळ्यांत अवघड. एक रीत मायफळ आणि हिराकस यांची. आपल्याकडे शाई करायचे तेच. रंग येतो, पण त्यातलं लोखंड हळूहळू धागाच खातं. दुसरी रीत आधी निळीत गडद बुडवायचं आणि त्यावर मंजिष्ठासारखा लाल चढवायचा. टिकतो, पण एकाच कापडाला दोन-तीनदा रंगवण्याचा खर्च. मग सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून मेक्सिकोच्या कँपेचे किनाऱ्यावरचं लॉगवुडचं लाकूड यायला लागलं आणि खोल काळा हाताशी आला. स्पेनच्या दरबारात काळा हाच रुबाबाचा रंग झाला तो याच काळात, आणि तिथून तो युरोपभर गेला.

त्या लोखंडामुळेच जुने काळे कपडे फार कमी उरलेत. हात लावला की भुगा होतो. सतराव्या शतकातला तो खोल काळा कसा दिसायचा हे आज पुष्कळदा तैलचित्रातूनच कळतं. म्हणून ओवी, विश्वास ठेवू नका म्हणताना एवढं लक्षात असू द्या.

निळीचंही सांगते. युरोपात वोड नावाच्या झाडापासून निळा काढत. आपल्याकडची नीळ, अहमदाबादजवळच्या सरखेजची, आग्र्याकडच्या बयानाची, जहाजांनी तिकडे जायला लागली तेव्हा वोडवाल्यांनी आरडाओरडा केला. जर्मन प्रदेशांत तिला 'सैतानाचा रंग' म्हणून बंदीही घातली होती. तरी ती शिरलीच, कारण रंगाऱ्याच्या पिंपात खोटं चालत नाही.

पाचवा गज

सगळे कशिद्याचं कौतुक करतायत, म्हणून दुसरी बाजू लिहितो. राग नसावा.

नॅशनल गॅलरीतच व्हेलास्केझने काढलेलं स्पेनचा राजा चौथा फिलिप याचं चित्र आहे, तपकिरी आणि चंदेरी पोशाखातलं, १६३० च्या दशकाच्या सुरुवातीचं. जवळ गेलात तर नुसते पांढुरके ठिपके आणि फराटे. दहा पावलं मागे या, चांदीची जर लखलखते. चित्रकार म्हणून तो माणूस थोरच. पण ती चांदी आली कुठून? दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीच्या डोंगरातून, जिथे गावागावांतून पाळीने माणसं सक्तीने खाणीत उतरवली जात. आणि हाच राजा १६२३ मध्ये उधळपट्टी थांबवायची म्हणून रफवर बंदी घालतो. त्याच्या जागी 'गोलिया' नावाची, आतून पुठ्ठ्याने ताठ केलेली साधी कॉलर आली. स्वतःच्या गळ्यातली झालर काढली आणि अंगावर चांदी चढवली. मला ते चित्र बघताना ठिपक्यांपाशी थांबता येत नाही, खाणीपर्यंत जावंच लागतं.

धावदोरा

पाचवा गज, राग कसला, तुम्ही योग्य तेच लिहिलंत. त्यात माझी भर. ज्याने ती जर भरली त्याचंही नाव कुठे नाही. राजाचं नाव आहे, चित्रकाराचं आहे. कापड विणणारा, रंगवणारा, बेतणारा, टाके घालणारा, कोणाचंच नाही. म्हणूनच मोरोनीचा शिंपी मला इतका लागला. त्याचंही नाव आपल्याला ठाऊक नाही, पण निदान त्याचा चेहरा आहे. शिंप्याला कात्रीसकट, एवढ्या मानाने उभं केलेलं असं चित्र दुसरं माझ्या पाहण्यात नाही.

जुनी पेटी

ओवीने पेपिसच्या भाड्याच्या गाऊनचा उल्लेख केला आणि धावदोऱ्यांनी वडिलांच्या बनियनचा. दोघांनी एकाच कपड्याबद्दल लिहिलंय हे कोणाच्या लक्षात आलं का?

पेपिस त्या गाऊनला 'इंडियन गाऊन' म्हणतो. असा सैल, पायघोळ, घरात घालायचा झगा पुढे इंग्रजीत 'बनियन' झाला. शब्द गुजराती 'वाणियो'पासून. पोर्तुगीजांनी तो आपल्या व्यापाऱ्यांसाठी उचलला, त्यांच्याकडून इंग्रजांनी, आणि वाण्यासारखा सैल अंगरखा तो बनियन. डच लोक अशाच झग्याला जपानी झगा म्हणत, कारण त्यांच्या कंपनीला जपानातून तसे रेशमी झगे नजराणा म्हणून मिळत. व्हर्मीरचा नकाशावर वाकून उभा असलेला भूगोलतज्ज्ञ, १६६९ चा, फ्रँकफुर्टमध्ये आहे तो. त्याच्या अंगात अशाच बेताचा निळा झगा आहे.

बॉस्टनचा व्यापारी निकोलस बॉयलस्टन याचं चित्रकार कोप्लीने १७६७ मध्ये काढलेलं चित्र बघा. रेशमी बनियन, डोक्यावर मऊ पागोट्यासारखी टोपी. टोपी का, तर बाहेर जाताना विग लावायचा म्हणून डोकं भादरलेलं असे, घरी विग काढला की गार वाटायचं. हा माणूस इतका श्रीमंत की त्याने मुद्दाम घरच्या कपड्यांत चित्र काढून घेतलं. मी आरामात आहे, कारण मला परवडतं.

मग इकडे हिंदुस्थानात इंग्रज आतून मलमलीची पातळ बंडी घालायचे, तिलाही बनियनच म्हणत. तिथून तो शब्द आपल्या घरात आला. म्हणजे धावदोरा, तुमचे वडील मशीनवर बसताना जे घालत, त्याच्या नावाचा एक भाऊबंद पोर्ट्रेट गॅलरीत लटकलाय.

तिखटमीठ

जुनी पेटी, हा प्रतिसाद मी आमच्या बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते बनियनवरच बसले होते. लगेच ताठ झाले.

सासष्टीकर

आमच्याकडचं एक उदाहरण. जुने गोवे इथल्या पुरातत्त्व संग्रहालयात, आसिसीच्या सेंट फ्रान्सिस चर्चला लागून, पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांच्या चित्रांचं दालन आहे. सुरुवात केली जुआंव दी कास्त्रोने, १५४७ मध्ये. देखरेखीला बखरकार गास्पार कोरैया आणि रंगवायला इथलाच एक चित्रकार. धावदोरा म्हणतात तेच इथेही, या चित्रकाराचं नाव राहिलं नाही.

लहानपणी शाळेच्या सहलीत ती चित्रं पाहिली तेव्हा सगळ्यांना घातलेलं चिलखत आणि आखूड फुगीर तुमानी बघून आम्ही पोरं हसत होतो. मोठेपणी कळलं की गोव्याच्या दमट हवेत लाकडाच्या फळ्यांवरचे रंग सुटत गेले आणि ती चित्रं पुन्हा पुन्हा रंगवली गेली. दर वेळी रंगवणाऱ्याने आपल्या समजुतीप्रमाणे कपडे 'दुरुस्त' केले. काही चित्रांत वरच्या थराखाली वेगळाच माणूस आहे म्हणा ना. तेव्हा इथे मात्र ओवीताईंची बाजू घ्यावी लागेल.

जाता जाता: शिलाईतला आपला 'काज' पोर्तुगीज 'काझा'वरून आलाय, 'फीत'ही त्यांचीच. त्या तुमानी गेल्या, काजं राहिली.

खळ आणि इस्त्री

सासष्टीकर, 'काज'चं मला माहीत नव्हतं! वीस वर्षं काजं करतेय.

मोडीवाला

अवांतर वाटेल, पण विषय तैलचित्रांचाच आहे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला, १७९२ मध्ये पुण्यात. त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रं काढली. सवाई माधवराव आणि नाना यांचं चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. तैलरंगाची सगळी परंपरा मखमल, फर, सॅटिन असल्या जाड, चमकणाऱ्या कापडांवर पोसलेली. त्या माणसापुढे अचानक पांढरी पातळ मलमल आली, खालची कातडी किंचित दिसणारी. मला त्याची मेहनत पदोपदी जाणवते.

पण विश्वासाचं म्हणाल, तर टेट संग्रहालयातलं थॉमस डॅनियलचं १८०५ मधलं चित्र सांगतो. पेशव्यांच्या दरबारात इंग्रजांचा वकील मॅलेट १७९० चा तह करतोय असं दाखवलंय. डॅनियल त्या दरबारात नव्हता. वेल्सही १७९० मध्ये पुण्यात नव्हता. वेल्स १७९५ मध्ये वारला, आणि डॅनियलने त्याच्या अभ्यासचित्रांवरून लंडनमध्ये बसून ते चित्र बांधलं. माणसं पुण्यात पाहून काढलेली, दरबार लंडनमध्ये भरलेला. पगड्या कशा बांधत हे मी त्यातून शिकेन, त्या दिवशी कोणी काय घातलं होतं हे शिकणार नाही. चित्राला कोणता प्रश्न विचारायचा ते आधी ठरवावं लागतं.

रेघोट्या

कोणीच पायांबद्दल बोलत नाहीये. चित्रकार रिगोने १७०१ मध्ये काढलेला फ्रान्सचा चौदावा लुई! ६३ वर्षांचा राजा, अंगावर अर्मिनची फर असलेला एवढा मोठा झगा, आणि तो बाजूला सारून दाखवतोय काय, तर रेशमी मोज्यातले पाय आणि लाल टाचांचे बूट. पुरुषाची पोटरी हे तेव्हा सौंदर्याचं ठिकाण होतं. अठराव्या शतकात ज्यांची पोटरी भरीव नव्हती ते मोज्यात आत गादी घालत.

तिखटमीठ

आमच्या जिममधल्या मुलांना हे कळू देऊ नका.

ओवी

मोडीवाला, तुमचं शेवटचं वाक्य मी वर्गात वापरणार आहे, परवानगी गृहीत धरते.

अटकेपार आणि आंबोलीचा पाऊस यांनी मला माझ्या वाक्याचा फेरविचार करायला लावला. 'विश्वास ठेवू नका' हे जरा जास्तच झालं. ताडून बघायची साधनं आहेत, ती वापरावीत असं म्हणायला हवं होतं. फ्लोरेन्समध्ये तिथला सोळाव्या शतकातला सत्ताधीश पहिला कोझिमो द मेदिची याचे पुरलेले कपडे थडग्यातून काढून जपलेत, त्यांचा बेत ब्राँझिनो या चित्रकाराच्या काळच्या चित्रांशी लावून बघता येतो. स्टॉकहोममध्ये स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ याचा जाड चामडी कोट आहे, १६३२ मध्ये ल्युत्झेनच्या लढाईत तो पडला तेव्हा अंगात होता तो. चित्रांत सैनिक पिवळसर चामडी कोटात दिसतात ती चित्रकाराची हौस नव्हती, हे त्यावरून कळतं. जॅनेट अरनॉल्ड या इंग्रज बाईंनी तर आयुष्यभर अशा जुन्या कपड्यांची शिवण मोजून त्यांचे बेत कागदावर उतरवले, आणि शेजारी चित्रं ठेवून ताडली.

आणि एक खास माणूस. जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या फुगर या सावकार घराण्याचा हिशेबनीस मात्थेउस श्वार्ट्स. याने १५२० पासून १५६० पर्यंत स्वतःच्या कपड्यांची चित्रं काढून घेतली. ती तैलचित्रं नाहीत, जलरंगातली लहान चित्रं आहेत, एकूण १३७. कोणत्या दिवशी, कशासाठी, काय घातलं, सगळं लिहिलेलं. हिशेबनीसच तो. लाल-पिवळ्या रंगाचा त्याचा १५३० मधला पोशाख आपल्या काळात जेनी तिरामानी यांनी पुन्हा शिवून दाखवला. त्या कपड्यात माणूस कसा हलतो ते बघितल्यावर चित्र वाचायची रीतच बदलते. खळताई वर म्हणाल्या, नट आपोआप ताठ झाला, ते अगदी हेच.

अटकेपार

ओवीताई, तुम्ही एवढं मोकळेपणाने लिहिलंत तर मीही कबूल करतो: अठराव्या शतकातल्या इंग्रजी चित्रांबद्दल तुमचा संशय योग्य आहे. तिथे चेहरा एकाने काढायचा आणि कपडे रंगवायला वेगळा माणूस. योसेफ व्हॅन आकेन नावाच्या एकाच कारागिराने कित्येक नामवंत चित्रकारांच्या गिऱ्हाइकांना कपडे चढवले. मूळ फ्लँडर्सचा तो. आमच्या भागातला माणूस, म्हणून नाव लक्षात राहिलं.

खळ आणि इस्त्री

सगळे फिरून आले, पण धावदोऱ्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही. शिंप्याने कामाला असे कपडे घातले असतील का? मी काल रात्री चित्र मोठं करून शिवणाऱ्याच्या डोळ्याने पाहिलं. मला दिसलं ते असं.

जाकिटावरच्या बारीक चिरा मुद्दाम केलेल्या आहेत, त्याला कौशल्य लागतं. अशी चीर धाग्याच्या तिरक्या दिशेने द्यावी लागते, नाहीतर सुटते. स्वतःच्या अंगावर आपल्या कामाचा नमुनाच घातलाय म्हणा. कमरेला पट्टा आहे, तलवार अडकवायचा असतो तसा, म्हणजे हा इज्जतीने राहणारा माणूस. त्या काळी वर जाकीट आणि खाली तुमान नाड्यांनी एकमेकांना बांधत. वाकून बेतायचं काम दिवसभर करायचं तर मी त्या नाड्या सैल केल्या असत्या. त्याच्या अंगावर एक सुरकुती जागा सोडून नाही. म्हणून माझं मत, हे त्याचे चांगल्यातले कपडे आहेत, चित्रासाठी घातलेले. पण त्याचेच आहेत. त्याच्या मापाचे आहेत, खांद्यावर कुठे ओढ नाही. उसन्या कपड्याचा खांदा मी लगेच ओळखते.

आणि हात मात्र कामाचे. कात्री कशी धरलीय बघा. बोटं कडीत नीट बसलीत, वजन टेबलावर सोडलंय. हे कोणाला सांगून दाखवता येत नाही. मोरोनीने खरा शिंपी बेतताना पाहिला होता.

शेवटचं, मला सर्वांत आवडलेलं. आंबोलीच्या पावसाने काळ्याबद्दल एवढं सांगितलं, त्यानंतर ते टेबलावरचं कापड बघा. मोरोनीची गिऱ्हाइकं चित्रात बहुधा काळ्यात असतात. शिंपी स्वतः सायीच्या आणि लाल रंगात आहे. काळं कापड त्याच्या हाताखाली आहे, अंगावर नाही.

धावदोरा

खळताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. कात्रीच्या वजनाचं तर बाबा तोंडाने सांगायचे, "हाताने उचलू नको, टेबलाला दे."

काल बहिणीला फोन करून बाबांचा एकुलता एक स्टुडिओतला फोटो मागवला. १९६१ चा असावा. लग्नाआधीचा. त्यात बाबा कोटात आहेत. आम्हा भावंडांना वाटायचं, स्टुडिओत टांगलेला कोट असेल, तेव्हा ठेवायचे तसे. आईला विचारलं. आई म्हणाली, "छे, तो त्यांनीच शिवलेला. डॉक्टरांचा होता. द्यायला जायच्या आदल्या दिवशी घालून फोटो काढला, परत घडी करून ठेवला."

फोटो मोठा करून बघितला. डाव्या बाहीवर खांद्याजवळ पांढरे तिरके टाके दिसतात.

खळ आणि इस्त्री

तिरके असतील तर बाही अजून कच्चीच टाचलेली होती, पक्की व्हायची राहिली होती. दुसरी बाही बघा, तिथेही आहेत का?

धावदोरा

उजवी बाही साफ आहे. एकच राहिली होती.

आंबोलीचा पाऊस

कोटाचा रंग आईंना आठवतो का?

धावदोरा

विचारलं. काळा.